शंका वाक्यावर घ्या, स्वतःवर नको

रनाळ्यात किंवा नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यातल्या कुठल्याही गावात लिहिणारं माणूस शोधायला गेलात, तर ते सहसा सापडत नाही, कारण ते कबूलच करत नाही. वही असते. ती कपाटात साड्यांखाली असते, खताच्या पावत्यांच्या फाइलमागे असते, नाहीतर मोबाइलच्या नोट्समध्ये असते. फार खोदून विचारलं तर उत्तर येतं, "असंच काहीतरी खरडतो, त्यात काही दम नाही." हा लेख अशा लोकांसाठी आहे. आपण उत्तम लिहितो याची ज्यांना खात्री आहे त्यांनी तो वाचला नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल, आणि तो ते वाचणार नाहीत.

लिहिणाऱ्याच्या मनात दोन प्रकारच्या शंका असतात आणि त्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. पहिली अशी: मी लेखक आहे का? आमच्या घरात कुणी कधी लिहिलं नाही, मला काय अधिकार? दुसरी अशी: हा परिच्छेद लांबलाय का? ही बाई असं बोलेल का? शेवट ओढूनताणून आणलाय का? पहिलीचं उत्तर जगात कुणाकडेच नाही. तलाठी कार्यालयात त्याचा दाखला मिळत नाही. दुसरीचं उत्तर मात्र पेन्सिल घेऊन बसलं तर अर्ध्या तासात मिळतं. पहिली शंका आली की तिच्याशी वाद घालत बसू नका, तिचं दुसरीत रूपांतर करा. पुढे जे काही सांगणार आहे ते बहुतेक या एका कामासाठीच आहे.

कसं करायचं ते उदाहरणाने सांगतो. समजा तुम्ही गावातल्या पाण्यावर लिहिताय आणि पहिलं वाक्य लिहिलंत, "आमच्या गावात दर उन्हाळ्यात पाण्याची भीषण टंचाई निर्माण होते." वाचलंत आणि वाटलं, छे, हे आपलं काम नाही. इथे थांबा. ही शंका खरं तर वाक्यावरची आहे, पण ती तुम्ही स्वतःवर ओढून घेतलीत. आता वाक्यालाच विचारा: तू कुणाचं आहेस? हे वाक्य कुठल्याही तालुक्याच्या कुठल्याही बातमीत बसेल. "भीषण" हा शब्द तुमचा नाही, तो वर्तमानपत्राचा आहे. मग लिहून पाहा, "मे महिन्यात आमच्या गल्लीत पहाटे चारलाच हंडे वाजायला लागतात." हे वाक्य थोर नाही, पण ते बातमीतून आलेलं नाही. ते ऐकणाऱ्याचं आहे. दहा मिनिटांपूर्वी जी शंका "मला जमत नाही" असं म्हणत होती, तिनेच तुम्हाला हे वाक्य मिळवून दिलं.

"सगळं कंटाळवाणं झालंय" असं वाटलं तर विचारा, नेमक्या कुठल्या ओळीवर वाचणारा मोबाइल उचलेल? त्या ओळीखाली रेघ मारा. "खोटं वाटतंय" असं वाटलं तर विचारा, यातलं काय मी स्वतः पाहिलंय आणि काय इतरांच्या पुस्तकांतून आलंय? "भाषा जड झाली" तर मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य दुखतंय. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकलं तर आणखी बरं. आपलाच आवाज परक्यासारखा ऐकू आला की आपल्याच ओळी निर्दयपणे कापता येतात.

कधीकधी शंका खरी असते, हेही मान्य करायला हवं. आत्मविश्वास वाढवणारी पुस्तकं हे सांगत नाहीत. एखादी कथा खरंच पडलेली असते. पण पडलेली कथा म्हणजे पडलेला लेखक नव्हे. ती कथा बाजूला ठेवा, तारीख घाला आणि दुसरी घ्या. फाडू मात्र नका. तिच्यातलं एखादं पात्र दोन वर्षांनी दुसऱ्या कथेत चालत येतं.

एक पुस्तक आलं, एक बक्षीस मिळालं की ही पहिली शंका कायमची जाईल असा एक समज आहे. तो सोडून द्या. 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शिक्षणात आणि व्यवसायात उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांबद्दल एक लेख लिहिला. पदव्या, मान, यश सगळं असूनही आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडू, अशी भावना या स्त्रियांमध्ये त्या दोघींना आढळली होती. म्हणजे यश हे या दुखण्यावरचं औषध नाही. जॉन स्टाइनबेकचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. 1938 मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' लिहीत असताना तो रोज शेजारी एक दैनंदिनी लिहायचा. आपण लेखकच नाही, स्वतःला आणि लोकांना फसवत आलोय, अशा अर्थाच्या नोंदी तिच्यात आहेत. कादंबरी 1939 मध्ये आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. त्याची युक्ती उचलण्यासारखी आहे. त्याने शंका दडपली नाही, तिला वेगळी वही दिली. मनातली कुरकुर तिच्यात उतरवायची आणि मग कादंबरीकडे वळायचं. तुमच्या वहीची मागची चार पानं या कामासाठी राखून ठेवा. "आज काही सुचत नाही, मी मूर्ख आहे," हे तिथे लिहा आणि वही उलटी करून पुढून सुरू करा.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खानदेशात लिहिणाऱ्याची पहिली शंका बहुतेक वेळा भाषेच्या वाटेने येते. घरात अहिराणी, वस्तीवर भिली, बाजारात गुजराती मिसळलेली मराठी आणि शाळेच्या पुस्तकात एक चौथीच भाषा. परगावच्या वसतिगृहात पोरगा बोलायला लागला की आजूबाजूचे हसतात. हे हसू पुढे कितीतरी वर्षं हातातल्या पेनावर बसून राहतं. मग तो दोन टोकांपैकी एक गाठतो: एकतर इतकी शुद्ध मराठी लिहितो की तिच्यात कुणीच जिवंत उरत नाही, नाहीतर लिहायचंच सोडतो.

बहिणाबाई चौधरींचं नाव इथे घ्यायलाच हवं, पण नेहमीच्या कौतुकासाठी नको. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरकामात ती ओव्या रचत गेली आणि मुलगा सोपानदेव व इतर काही जणांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी. त्यांनी आईच्या कवितांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली तीही संकोचत, आणि अत्र्यांनी मात्र ऐकताक्षणी ती छापायचा आग्रह धरला. 1952 मध्ये पुस्तक आलं. या गोष्टीत संकोच कुणाला होता ते पाहा. जिला अक्षर येत नव्हतं तिला शंका नव्हती. शंका होती शिकलेल्या, छापलेल्या, साहित्यवर्तुळात वावरणाऱ्या मुलाला. शिक्षणाने आपल्याला भाषा दिली तशी ही भीतीही दिली. ती आपली उपजत नाही, हे कळलं तरी अर्धं ओझं उतरतं. आज जळगावचं विद्यापीठ त्याच बाईच्या नावाने आहे आणि रनाळ्याच्या मुलांच्या पदवी प्रमाणपत्रांवर तेच नाव छापून येतं.

नंदुरबार जिल्ह्यात तर याहून जवळचं नाव आहे. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे. 1970 च्या दशकात शहादा भागात आदिवासी शेतमजुरांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून आलेले हे कार्यकर्ते कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह 1987 मध्ये आला. त्यांची 'स्टेज' ही कविता देशभर पोचली. आपलं दुःख आपल्याला व्यासपीठावरून दुसरेच सांगतात आणि आपण खाली बसून ऐकत राहतो, हा तिचा गाभा. आत्मशंकेवर मी वाचलेल्या मानसशास्त्राच्या अनेक पानांपेक्षा ही छोटी कविता मला अधिक उपयोगाची वाटते. "मला काय अधिकार" हा प्रश्न मनात एकट्याने उगवत नाही, कुणीतरी आपल्याला वर्षानुवर्षं खाली बसवलेलं असतं, हे ती दाखवते. तेव्हा "तुले काय समजस?" हा आवाज पुन्हा आतून आला, की तो मुळात कुणाचा आहे ते ओळखा. मास्तरांचा? मोठ्या भावाचा? वसतिगृहातल्या त्या हसणाऱ्या टोळक्याचा? मागच्या पानावर नाव लिहून ठेवा. नाव कळलं की तो आवाज आकाशवाणी राहत नाही, एका माणसाचं मत होतो.

भाषेबद्दल थोडं व्यवहाराचं बोलतो. 2011 च्या जनगणनेत अहिराणी ही आपली मातृभाषा असं सांगणारे 16 लाखांहून अधिक लोक आहेत. एवढे बोलणारे असलेली भाषा "चुकीची मराठी" कशी असेल? पण म्हणून सगळंच अहिराणीत लिहा असा माझा आग्रह नाही. निवेदन ज्या भाषेत सहज चालतं त्या भाषेत लिहा. संवाद मात्र पात्राच्या तोंडचे ठेवा, आणि पुढे कंसात अर्थ देऊ नका. बाई दारात येते, रिकामा हंडा कमरेवर घेते आणि समोरच्या घराला विचारते, "पानी उनं का?" पुण्यातल्या वाचकालाही हे कळतं. हंड्याने अर्थ सांगितलेला असतो. कंस आला की तुम्ही वाचकापुढे माफी मागितल्यासारखं होतं. नेमाड्यांची 'कोसला' 1963 मध्ये आली. सांगवीकडचा पंचविशीतला माणूस पुण्यात शिकायला गेलेल्या खानदेशी मुलाबद्दल बोलल्यासारखं लिहितो, आणि मराठी कादंबरीच वळण घेते. शुद्धलेखनाची काळजी शेवटच्या हातावर सोडा. ऱ्हस्व-दीर्घ दुसरा कुणीही सुधारून देऊ शकतो, मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईच्या बोटांना रात्री काय होतं ते दुसरा कुणी सांगू शकत नाही.

हा पथारीचा मुद्दा जरा वाढवतो. "माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे" ही तक्रार नंदुरबार परिसरातल्या माणसाने करावी याचं मला नवल वाटतं. हंगामात लाल मिरच्यांनी झाकलेल्या जमिनींचे फोटो काढायला लोक लांबून येतात. फोटोत लाल रंग येतो, ठसका येत नाही. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या घरांना लागलेली कुलुपं, मागे राहिलेली म्हातारी, शाळेच्या पटावर असून वर्गात नसलेली मुलं, कापसाच्या भावाची वाट पाहत घरात रचलेला ढीग आणि त्याच्यावर झोपणारी पोरं. हे सगळं तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. ते मोठं नाही असं वाटतं, कारण आपण ते पुस्तकात पाहिलेलं नाही. मग आधी नोंदी करा. कथा, कविता, लेख असा विचारही नको. रोज एक गोष्ट, जी पाहिली किंवा ऐकली, चार ओळींत. विशेषणं वर्ज्य. महिनाभराने वही चाळाल तेव्हा "माझ्याकडे काही नाही" हे वाक्य उच्चारायची तुम्हालाच लाज वाटेल.

बायकांच्या बाबतीत शंकेत भीतीही मिसळलेली असते, आणि ती काल्पनिक नसते. बेबी कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून लिहायच्या, कागद घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवायच्या. कित्येक वर्षं ते लिखाण तसंच दडून राहिलं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने 1986 मध्ये आलं आणि दलित स्त्रीच्या आत्मकथनाचा तो पायाच मानला गेला. त्याआधी पन्नास वर्षं, 1934 पासून, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने येऊ लागली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आणि लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईचं हे गद्य आजही मराठीत कुणाला सहज साधत नाही. तेव्हा लपवून लिहावं लागतंय याची लाज बाळगू नका. कुणाला न दाखवता लिहिण्याचा काळ हा लिखाणाचाच भाग आहे. फक्त जागा पक्की करा. कागद घरात सुरक्षित नसेल तर मोबाइलमध्ये कुलूप लावून ठेवा, स्वतःला मेल करत जा. आवाजावरून मराठी टंकलेखन आता ठीकठाक होतं, पण घरात चार माणसं असताना ते उपयोगाचं नाही. त्यापेक्षा शेतावर जातानाची वाट बरी.

गावातल्या माणसांवर लिहिण्याची भीती ही आणखी वेगळी. "आमच्यावर लिहिलंस का रे?" असं कुणी विचारलं तर काय, या विचाराने हात आखडतो आणि आपल्याला वाटतं की प्रतिभा आटली. प्रतिभा जागेवरच आहे, तुम्ही शेजाऱ्याला घाबरताय. उपाय सोपा आहे. पहिला खर्डा खऱ्या नावांनिशी लिहा, कारण खरं नाव लिहिल्याशिवाय माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. दुसऱ्या खर्ड्यात नाव, धंदा, गल्ली, मुलांची संख्या बदला, दोन माणसं मिळून एक करा. घटना तीच राहते, माणूस ओळखू येत नाही.

आता दाखवायचं कुणाला? साने गुरुजींचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं, तेही अमळनेरचं, म्हणजे नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरचंच. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढायचे. स्वतः लिहायचे, मुलं वाचायची. वाचक मोजकेच, पण रोजचे आणि ओळखीचे. पुढे 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली, ही कथा सगळे सांगतात. त्या पाच दिवसांमागे मुलांसाठी रोज लिहिण्याची ती वर्षं होती असं मला वाटतं. मोठ्या वाचकवर्गाच्या कल्पनेने जो हात थरथरतो तो दहा माणसांसाठी लिहिताना थरथरत नाही. तुमचे दहा जण शोधा. रनाळ्यातून नंदुरबारला कॉलेजला जाणारी दोन मुलं, निवृत्त शिक्षक, सुरतेत कामाला असलेला मित्र. महिन्यातून एकदा दोन पानं त्यांना द्या.

पण त्यांना "कसं वाटलं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "मस्त" हेच येतं आणि ते कुचकामी असतं. तीन प्रश्न विचारा: वाचताना कुठे थांबावंसं वाटलं? पुढे काय होणार हे कुठे आधीच कळलं? कुठे खोटं वाटलं? व्हॉट्सॲपच्या समूहावर कविता टाकून अंगठे मोजण्याची सवय असेल तर ती मात्र सोडा. त्या अंगठ्यांनी सकाळ चांगली जाते आणि संध्याकाळी शंका दुप्पट होऊन परत येते, कारण तीच माणसं त्याच वेगाने फुलांच्या चित्रालाही अंगठा देत असतात.

आणि एक गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगायची आहे. आत्मशंका असलेला नवोदित हा एका मोठ्या बाजाराचं गिऱ्हाईक असतो. ऑनलाइन स्पर्धा, भाग घेतलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र, पैसे भरा आणि "प्रातिनिधिक संग्रहात" कविता छापून घ्या, नोंदणी शुल्क भरा आणि "राज्यस्तरीय पुरस्कार" घ्या. शाल, फेटा, फोटो. या व्यवहारात विकला जातो तो दाखलाच, तुम्ही लेखक आहात असा. तो घरी आणून भिंतीवर लावला तरी दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे त्याचा काही उपयोग होत नाही. कुणी पुस्तक काढून देतो म्हणून रक्कम मागत असेल तर लेखी विचारा: प्रती किती, विकणार कोण, उरलेल्या प्रती कुणाच्या, मानधन किती? आयएसबीएन मिळवून देतो याचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, आणि तो पुस्तकाच्या दर्जाचा शिक्का नाही, केवळ ओळखक्रमांक आहे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या त्या-त्या वर्षीच्या अटी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून मगच हस्तलिखित पाठवा.

नियतकालिकांकडे पाठवण्याचंही तसंच, तंत्र समजून घेतलं तर भीती निम्मी होते. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि आजही मराठीत नव्या लेखकाला सर्वांत मोठं दार तेच आहे. अंक दिवाळीत येतो म्हणून दसऱ्याला कथा पाठवणारे बरेच असतात. तोवर पानं लागलेली असतात. उन्हाळ्यातच पाठवायला हवं. त्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक गावच्या किंवा नंदुरबारच्या वाचनालयात बसून चाळा. विनोदी अंकाला दुष्काळाची कथा पाठवून नकार आला तर त्यात तुमच्या लायकीचा काही संबंध नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल, वर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या, सोबत तीन ओळींचं पत्र. पत्रात "मी नवोदित आहे, चुका असतील तर सांभाळून घ्या" असं लिहू नका. संपादक चुका स्वतः शोधतो, त्याला आधीच नकाशा देऊ नका. एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका.

बहुतेक वेळा उत्तर येणारच नाही. संपादकाच्या टेबलावर ढीग असतो आणि बऱ्याच अंकांत हे काम एकदोन माणसंच करतात. शांततेचा अर्थ नकार असाही नाही आणि अपमान असा तर मुळीच नाही. दोन महिन्यांनी एक छोटं स्मरणपत्र पाठवा. तरीही काही आलं नाही तर कथा पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, रेघा मारलेल्या जागा दुरुस्त करा आणि पुढच्या अंकाला पाठवा. कुठली कथा कुणाला कधी पाठवली याची एक यादी वहीच्या मागच्या पानांवर ठेवा, शंकांच्या नोंदींशेजारीच. आणि पहिली कथा टपालात असतानाच दुसरी सुरू करा, म्हणजे फोन वाजला नाही तरी त्या दिवशीचं काम ठरलेलं असेल.